खानवलकर सरांचं मनगट

जयप्रकाश खानवलकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी उजव्या हाताला कायमचा मुकता मुकता राहिलो.

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली होती आणि सामान अजून ट्रकमध्येच होतं. बालीगंजच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता, म्हणून आम्ही आरतीला गेलो. आरती संपली आणि कपाटाला पाय फुटावेत तसे एक बुटके, रुंद गृहस्थ गर्दी दुभंगत माझ्याकडे आले. "नवे का? या, या!" म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला. घेतला म्हणजे जप्त केला. माझ्या बोटांची हाडं एकमेकांशी जागा बदलू लागली. करंगळी अंगठ्याच्या शेजारी राहायला गेली. डोळ्यांपुढे आधी आईचा चेहरा आला, मग कुलदैवत, मग विम्याचा हप्ता भरल्याची पावती. डाव्या हातात प्रसादाचा मोदक होता, त्याचा केवळ सहानुभूतीने भुगा झाला. माझा हात सुटला तेव्हा मी पहिल्यांदा बोटं मोजली.

"मनगट कच्चं आहे तुमचं," सर गंभीरपणे म्हणाले. "बँकवाल्यांचं असतंच. सहीपलीकडे वापर नाही."

माझी बायको शेजारीच उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला जे सिद्ध करता आलं नव्हतं, ते एका परक्या माणसाने तीन वाक्यांत करून दाखवलं. त्या दिवसापासून सर तिला देवाच्या जागी आणि मी सरांना 'बँकवाले' झालो.

सरांचे आजोबा कापडाच्या पेढीवर कारकून म्हणून इकडे आले आणि परत जायचं विसरले. सर जन्मले इथे, वाढले इथे, आणि बागबाजारच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. मराठ्यांच्या स्वारीला घाबरून या शहराने एकेकाळी जो खंदक खणला, त्याची सुरुवात बागबाजारात होती. सरांना याचा फार आनंद. "ज्या जागी आम्हाला अडवायला खड्डा खणला, त्याच जागी मी यांच्या नातवंडांना 'सावधान' करून उन्हात उभं केलं. याला सूड म्हणतात, बँकवाले!" त्यांचे बंगाली सहकारी त्यांना प्रेमाने बर्गी, म्हणजे लुटारू मराठा स्वार, म्हणत. सर ती पदवी पद्मश्रीसारखी मिरवत. हा लुटारू स्वार रोज सकाळी पिशवी घेऊन गडियाहाटच्या बाजारात जाई आणि मासळीवालीशी भाव करताना दरवेळी हरून परत येई.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. बंगाल्याकडे डोकं, मराठ्याकडे मनगट. दोन्ही एकत्र आली असती तर इंग्रज हुगळीतूनच परत गेला असता. हा सिद्धान्त त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की झोपेत कुणी मनगट धरलं तर मी इंग्रजांच्या काळापासून सुरुवात केली असती.

घरात तीन माणसं. सर, सुहासिनीबाई आणि मुलगी वृंदा. वृंदा एका शाळेत भूगोल शिकवायची. शांत, हसरी, वडिलांच्या आवाजामुळे घरात तिला बोलायला जागाच नसावी, असं मला सुरुवातीला वाटायचं. खरं कारण नंतर कळलं. पुण्याच्या एका मुलाशी तिचं ठरलं होतं. मुलाकडच्यांनी तारीख थोडी पुढे ढकलली. मग आणखी थोडी. शेवटी त्याच मुलाच्या लग्नाचा फोटो कुणीतरी मोबाइलवर पाठवला, नवरी दुसरीच. तेव्हापासून त्या घरात 'पुढे ढकलू या' हे शब्द कुणी काढायचे नाहीत असा नियम होता. दाताच्या डॉक्टरने तारीख बदलली तरी सर चिडायचे.

म्हणून वृंदाने तन्मय घोषालला घरी आणलं, तेव्हा सरांनी पहिल्याच भेटीत त्याला मिठी मारली. तो वाचला, हे विशेष. तन्मय विमा कंपनीत होता. किडकिडीत, चष्म्याचा, बोलताना आधी शब्द निवडणारा. तो सरांना 'काकू' म्हणायचा. बंगालीत काका लोकांना तसंच म्हणतात, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतकं हसू आलं की सुहासिनीबाईंनी मला पाणी दिलं. वैशाखात साखरपुडा झाला. फाल्गुनातला मुहूर्त धरला.

आणि मग आली जमाईषष्ठी. ज्येष्ठातल्या या दिवशी बंगाली सासू जावयाला बोलावून वाढते, आणि जावई सोफ्यावर पडून श्वास मोजतो. सरांनी जाहीर केलं की तन्मयला बोलवायचं.

"अहो, लग्न व्हायचंय अजून," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बंगालीसुद्धा आधी करत नाहीत."

"आपण आगाऊ करू. जावयाचा मान आहे तो. तुमच्या माहेरी अधिक महिन्याला जावयाला चांदीचं ताट देतात की नाही? मला काय दिलं? स्टीलची किटली!"

"तुम्हीच मागितली होती ती. शाळेत चहा न्यायला."

त्या दुपारी मीही जेवायला होतो. इलिश मासा, चिंगडी म्हणजे कोळंबी, त्यावर पुरणपोळी, त्यावर आंबे, त्यावर लिची. एवढं खाल्ल्यावर माणसाने फक्त पडावं. पण सरांना जेवणानंतर सिद्धान्त सुचतात. त्यांनी मनगटाचा विषय काढला, इंग्रज हुगळीपर्यंत आले, आणि तन्मय हळूच म्हणाला, "पण काकू, मी लेकवर रोइंग करतो. रोज सकाळी."

"होडी? होडी पाण्यावर चालते, बाळा. पाणी विरोध करत नाही. ये, पंजा लढव."

"बाबा, नको," वृंदा म्हणाली. "त्याचे हात तुम्ही बघितले नाहीत."

तन्मयने बाह्या सरसावल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी बघितले. सरांनीही बघितले. पण बागबाजारचा सूड मागे कसा फिरणार? कोपरं जेवणाच्या टेबलावर टेकली. थोडा वेळ काहीच हललं नाही. तन्मय संकोचाने लाल झाला होता, त्याला हरायचं होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. सर दात-ओठ खात होते. मग त्यांनी एकदाच काय तो निकाल लावायला अख्खं अंग आतल्या बाजूला झोकलं. अंग फिरलं, हात तिथेच राहिला.

ऊस मोडल्यासारखा आवाज झाला.

"माझं टेबल!" सुहासिनीबाई ओरडल्या.

टेबल धडधाकट होतं.

इस्पितळात हाडांच्या डॉक्टर होत्या नूपुर बागची. तिशीतल्या, बारीक चणीच्या. एक्स-रे नंतर बघू म्हणाल्या. आधी सरांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मास्टरमशाय, मला अंगठा दाखवा. उजवा. वर करून."

सर एवढ्या वेदनेतही गोंधळले. इथे एखाद्याला अंगठा दाखवणं म्हणजे वाकुल्या दाखवणं. "बाईमाणसाला? आणि डॉक्टरला?"

"दाखवा तर."

सरांनी दाखवायचा प्रयत्न केला. आपल्याच हाताकडे ते एखाद्या ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत राहिले. अंगठा उठला नाही. मनगट उठलं नाही. पंजा पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखा खाली लोंबत होता. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मागच्या बाजूला टाचणी टोचली. सर म्हणाले, "टोचा ना." टोचून झाली होती.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. दंडाच्या हाडाला एक नस वळसा घालून जाते, खांबावर चढलेल्या वेलीसारखी. खांब पिळून मोडला की वेल चेंगरते. मनगट आणि बोटं वर उचलण्याचा हुकूम याच नसेतून जातो. "बहुतेक वेळा ती फक्त दुखावलेली असते, तुटलेली नसते. आपली आपण जागी होते. म्हणून मी आज कापाकापी करत नाही. दंडाला पट्टा, मनगटाला आधाराची पट्टी. डाव्या हाताने उजवी बोटं रोज उघडायची, नाहीतर सांधे धरतील. झोपायचं बसून. दुर्गापूजेपर्यंत वाट बघू. तोवर काहीच हललं नाही, तर सुई घालून तपासायचं आणि उघडून बघायचं. ते मात्र लांबवायचं नाही. नस हळू वाढते, आणि स्नायू जन्मभर तिची वाट बघत बसत नाही."

"हे माझ्यामुळे," तन्मय म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता.

"नाही हो. यात हाड स्वतःच्याच जोराने पिळतं. मोडलं ते मास्टरमशायांच्या ताकदीने."

"ऐकलंस?" सर म्हणाले. "माझंच मनगट!"

तन्मय हसला नाही. दोन दिवसांनी तो घरी आला आणि शब्द निवडून म्हणाला, "काकू, तुमचा हात उठेल तेव्हा आम्ही लग्न करू. आधी नाही. मला त्या हाताखाली बसून लग्न करता येणार नाही. तारीख पुढे ढकलू या."

ते शब्द त्या घरात कुणी काढत नसे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वृंदा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. सर काहीच बोलले नाहीत. खानवलकर सर आणि गप्प! मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती, पण मी ते दुखण्याच्या खात्यावर टाकलं.

पावसाळा सरांनी आरामखुर्चीत बसून काढला. पुढे दंडाचा पट्टा निघाला, हाड उत्तम जुळलं होतं. हात तसाच होता. मी जायचो तेव्हा ते पट्टीतला पंजा दाखवून म्हणायचे, "बर्गी कैदेत आहे." डाव्या हाताने वरण-भात खाताना अर्धा शर्टवर सांडायचा. गरम चहाचा कप उजव्या हाताला मागून टेकला तरी त्यांना कळायचं नाही. सुहासिनीबाई पटकन कप सरकवायच्या आणि विषय बदलायच्या. एकदा गडियाहाटला त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. चांगला टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस. त्याने भर रस्त्यात टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. सरांचा हात सवयीने कपाळापर्यंत गेला आणि पंजा डोळ्यांवर पडला. "माशी होती," सर म्हणाले.

तन्मय दर रविवारी यायचा. आल्या आल्या त्याची नजर हाताकडे जायची, मग वृंदाकडे, मग जमिनीकडे.

दसऱ्याला तो आला तेव्हा मीही होतो. इथे दसरा म्हणजे विजया. देवी विसर्जनाला गेली की धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन पाया पडायचं, गोड खायचं. आणि आम्ही मराठी माणसं त्याच दिवशी सोनं वाटतो. आपटा इथे मिळत नाही, म्हणून मंडळी कांचनाच्या झाडाची पानं आणतात. सर आरामखुर्चीत बसले होते, मनगटाची पट्टी काढलेली. मांडीवर पानांचं ताट होतं. तन्मय पाया पडून उठला. सरांनी उजवा हात कोपरात वाकवून तळवा आकाशाकडे केला. त्यावर एक हिरवं पान होतं.

"घे. सोनं घे, सोन्यासारखा राहा."

हात लोंबत नव्हता. तळवा सपाट होता. बोटं जरा वाकलेली होती, पण ती पान सांभाळायला असावीत असं वाटलं. तन्मयने पानाला हातच लावला नाही, तो त्या मनगटाकडे बघत राहिला.

"येतंय?" त्याने विचारलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येतंय. हळूहळू. सुईची गरज नाही म्हणाल्या."

तन्मयने पान उचललं, ते डोळ्यांना लावलं, आणि हा शब्द निवडून बोलणारा मुलगा आमच्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. वृंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी सरांना म्हणालो, "मनगट कच्चं वाटत नाही आता." सर इतके मोठ्याने हसले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विजयाच्या शुभेच्छा दिल्या.

फाल्गुनाचा मुहूर्त कायम झाला.

खरी गोष्ट अशी की तळवा वर केला की हात आपोआप मागे पडतो. त्याला उचलावं लागत नाही, वजनच ते काम करतं. सरांना हे आरामखुर्चीत बसून बसून सापडलं होतं. शाळेत पायात गोळा आल्याची सोंगं त्यांनी शेकड्याने पकडली होती. शरीर कुठे कसं फसवतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पूजेच्या वेळच्या तपासणीला ते डॉक्टरांकडे गेलेच नव्हते, नंतरही गेले नाहीत. तिथे ही युक्ती क्षणभरही टिकली नसती. सुईची तपासणी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा वाट बघणं. म्हणजे तन्मय तारीख हलवणार. आणि हललेल्या तारखेचं काय होतं हे त्या घराने पाहिलं होतं.

हे मला सुहासिनीबाईंनी नंतर सांगितलं. "मी रोज त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. मला कळणार नाही? मी म्हटलं, अहो, त्या बाई म्हणाल्या होत्या लांबवू नका. तर म्हणाले, 'फाल्गुनापर्यंत गप्प बस. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी जाऊ. माझा हात साठीला टेकलाय, तिचं आयुष्य नाही.' मग मी काय बोलणार?"

लग्न झकास झालं. आमच्या मंगलाष्टका आणि त्यांचे शंख एकाच वेळी चालू होते, कुणी कुणाला हार जात नव्हतं. सरांनी सगळा डाव आधीच आखला होता. अक्षता डाव्या हाताने, कन्यादानाला ओंजळ, म्हणजे तळवे वरच. आशीर्वाद डाव्या हाताने द्यायचा. पण गुरुजी होते ते नागपूरहून खास विमानाने आणलेले, आणि विमानाचं भाडं वसूल करायचं त्यांच्या मनात असावं. तन्मय पाया पडायला वाकला, सरांनी डावा हात पुढे केला आणि गुरुजी कडाडले, "उजवा! उजवा हात, यजमान! शुभकार्य आहे!" नुसतं ओरडून ते थांबले नाहीत. त्यांनी सरांचा उजवा दंड धरून हात जावयाच्या डोक्यावर नेला आणि सोडला.

हात ठेवला गेला नाही. तो पडला. ओल्या टॉवेलसारखा तन्मयच्या टोपोरावर, म्हणजे बंगाली नवरदेवाच्या उंच मुकुटावर पडला, घसरला आणि त्याच्या कानाजवळ लोंबकळत राहिला.

तन्मय वाकलेलाच राहिला. मान वळवून त्याने कानाजवळच्या पंजाकडे बघितलं. मग वर, सरांकडे. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, एकटू हाशुन." तन्मय हसला. तो फोटो अल्बममध्ये आहे.

दुसऱ्याच आठवड्यात तो सरांना घेऊन डॉक्टर नूपुरांकडे गेला. गाडी माझी होती. तपासणी झाली. नस जुळलेल्या हाडातच अडकून बसली होती. बाहेरच्या खोलीत तन्मयने डॉक्टरांना विचारलं, "पूजेनंतर आले असते तर?"

"तेव्हा शक्यता जास्त होती."

"किती?"

"जास्त," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शस्त्रक्रिया झाली. खराब भाग काढून पायातली एक नस तिथे जोडली. "आता सॅल्यूट करायला गेलो तर लाथ बसेल," सर म्हणाले. वाट बघायचा काळ पुन्हा सुरू झाला. या वेळी खराखुरा. रोज सकाळी सर टेबलावर हात ठेवून त्याला हुकूम द्यायचे, 'एक! दुई!' असे, कवायतीच्या आवाजात. ज्या आवाजाने बागबाजारची पोरं थिजायची, त्याला हाताने शेवटपर्यंत दाद दिली नाही.

तोवर तन्मयने हैदराबादची बदली मागून घेतली होती. जाण्याआधी तो सरांना भेटायला आला. मी तिथे होतो. मला उठू द्यायला सर तयार नव्हते.

"अरे, हाड माझं मी मोडलं," सर म्हणाले. "डॉक्टरीणबाई सांगत होत्या ना? तू मनाला का लावून घेतोस?"

"हाड खेळात मोडलं, काकू. त्याचं मी सोसलं असतं." या वेळी त्याने शब्द निवडले नाहीत. "नंतरचं तुम्ही माझ्यासाठी केलंत. मला न विचारता. मला लबाड ठरवलंत, की मी थांबेन म्हणतो म्हणजे पळून जाईन. त्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा."

सर म्हणाले, "चहा घेऊन जा."

"उशीर होतोय," तन्मय म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला. सरांनी कुठलाच हात पुढे केला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर नूपुरांनी शेवटचा उपाय केला. हात वळवणारा एक चांगला स्नायू सोडवून मनगट उचलायच्या कामाला लावला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मनगट आता सरळ राहतं. कप धरता येतो, बटणं लागतात, सॅल्यूटही साधारण जमतो. मासळीची पिशवी उचलता येते.

यंदाच्या जमाईषष्ठीला सुहासिनीबाईंनी इलिश केला आणि आम्हा दोघा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. वृंदा पूजेत चार दिवस एकटी येते. तन्मय लग्नानंतर त्या घरी जेवलेला नाही.